बारा फ्लॅटची स्कीम विकायची कशी? नाशिकच्या लहान बिल्डरांचे नेहमीचे प्रश्न

मी नाशिकमध्ये लहान बिल्डरांच्या जाहिरातीचं काम बघतो. लहान म्हणजे एका वेळी एक, फार तर दोन इमारती. आठ ते चाळीस फ्लॅट. ऑफिसात मालक, त्याचा भाऊ किंवा बायको, एक अकाउंटंट आणि साइटवर सुपरवायझर. प्रश्न बहुतेक रात्री जेवणानंतर फोनवर येतात आणि फिरून फिरून तेच येतात, म्हणून एकदा लिहून काढले. उदाहरणं नाशिकची आहेत. साताऱ्यात किंवा जळगावात गिऱ्हाईक वेगळं असेल, कायदा मात्र हाच.

आमचे बाराच फ्लॅट आहेत. एवढ्यासाठी जाहिरात लागते का?

लागते, पण शहरभर करायची गरज नाही. आधी एक काम करा. मागच्या स्कीमची ॲग्रीमेंटं कपाटातून काढा आणि प्रत्येक खरेदीदार बुकिंगच्या वेळी कुठे राहत होता, तिथे नकाशावर टिंब द्या. पाथर्डी फाट्याजवळच्या सोळा फ्लॅटच्या इमारतीसाठी मी एका बिल्डरबरोबर हे केलं. आपलं गिऱ्हाईक मुंबईचं, अशी त्याची ठाम समजूत होती. पैसेही त्याने त्याच हिशेबाने घरविक्रीच्या मोठ्या पोर्टलवर घातले होते. अकरा टिंबं साइटपासून दोन-तीन किलोमीटरच्या आत निघाली. तिघं त्या अकरांपैकी कुणाचे तरी साडू, मेहुणे नाहीतर कंपनीतले जोडीदार. मुंबईचा एक. आणि सोळावा त्याचाच प्लंबर. त्या दुपारनंतर पोर्टलचं पॅकेज त्याने परत घेतलं नाही.

ही दोन-तीन किलोमीटरमधली माणसं असतात कोण?

एक तर त्याच भागातले भाडेकरू. मुलांची शाळा तिथेच, बायकोचा क्लास किंवा शिलाईकाम तिथेच, त्यामुळे घर घ्यायचं तर याच भागात. दुसरे, सिडको वसाहतीतल्या छोट्या घरांत वाढलेली दुसरी पिढी. लग्न ठरतं आणि जागा पुरेनाशी होते. या घरांपैकी बरीच मूळची धुळे-जळगावकडची. एकाने फ्लॅट घेतला की गावाकडचे दोन बघायला येतात. अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांतला नोकरदार आधी हप्ता विचारतो, मग किंमत. त्याची साप्ताहिक सुट्टी रविवारीच असते असं नाही, तेव्हा साइट ऑफिस फक्त रविवारी गजबजलेलं आणि बाकी दिवशी कुलूप, असं ठेवू नका. ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यातले आणि नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यातले लोक निवृत्तीच्या आसपास घर बदलतात. त्यांना लिफ्ट, बॅकअप आणि चालत जाण्याइतक्या अंतरावर दवाखाना हवा असतो.

आणि एक गिऱ्हाईक तीन किलोमीटरच्या पार बाहेरचं: निफाड, दिंडोरी, पिंपळगावचा द्राक्ष बागायतदार. पोरं अकरावीला किंवा क्लासला नाशिकला ठेवायची, सोबत आजी राहील, म्हणून तो फ्लॅट घेतो. द्राक्षाचे पैसे साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये हातात येतात, त्यामुळे गुढीपाडवा ते अक्षय्य तृतीया हा त्याचा काळ. तो एकटा येत नाही. गाडीतून पाच-सहा जण उतरतात, बोलतो तरुण मुलगा, ठरवतो मागे शांत उभा असलेला म्हातारा. त्याचा पहिला प्रश्न मॉड्युलर किचनचा नसतो. तो विचारतो, ‘पाणी कुठलं?’ महापालिकेचं कनेक्शन आहे का, बोअर किती फूट, टँकर कधी लागतो, याची खरी उत्तरं सेल्सच्या पोराला पाठ हवीत. या गिऱ्हाइकापर्यंत पोचायला इन्स्टाग्रामपेक्षा गावच्या कृषी सेवा केंद्रात टांगलेलं कॅलेंडर जास्त उपयोगी पडतं.

महारेरा नंबर यायचा आहे. तोवर व्हॉट्सॲपवर नुसतं ‘लवकरच येत आहे’ टाकलं तर चालेल का?

नाही. हा प्रश्न मला दर महिन्याला येतो आणि उत्तर दर महिन्याला तेच असतं. महारेरा म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, आणि नंबर म्हणजे तिथल्या प्रकल्प नोंदणीचा. २०१६ च्या रेरा कायद्याचं कलम ३ सांगतं की नोंदणीशिवाय जाहिरात, विक्री, बुकिंग, विक्रीचं आमंत्रणसुद्धा करायचं नाही. जाहिरातीच्या व्याख्येत कुठलंही माध्यम येतं, म्हणजे पत्रक आलं आणि व्हॉट्सॲपचं स्टेटसही आलं. दंड प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. चार कोटींच्या प्रकल्पाला तो चाळीस लाखांपर्यंत. एवढ्यात दोन फ्लॅटचा नफा गेला.

आमचा प्लॉट ५०० चौरस मीटरच्या आत आहे. मग तर सूट आहे ना?

आहे. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल, किंवा सगळे टप्पे धरून फ्लॅट आठपेक्षा जास्त नसतील, तर नोंदणी बंधनकारक नाही. कायद्यात ‘किंवा’ आहे, ‘आणि’ नाही. पण मग गिऱ्हाईक विचारणारच, ‘रेरा नंबर का नाही?’ तिथे चाचपडू नका. सूट कशामुळे आहे ते एका कागदावर मराठीत लिहून, त्याला मंजूर नकाशा आणि बांधकाम परवानगीची प्रत जोडून साइट ऑफिसात ठेवा. एका बिल्डरने तो कागद लॅमिनेट करून भिंतीवरच लावला. बँकेच्या माणसाला आधी भेटून ठेवा, कारण नंबर नसेल तर काही बँका कर्जाच्या वेळी अडून बसतात आणि तोवर तुमचं गिऱ्हाईक शेजारच्या स्कीमला जाऊन येतं.

नंबर मिळाला. आता जाहिरातीत काय काय टाकावंच लागतं?

नोंदणी क्रमांक, महारेराच्या संकेतस्थळाचा पत्ता, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड. डिझायनर मंडळींना हे तिन्ही डोळ्यांत खुपतात, म्हणून ती खाली कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात ढकलली जायची. एप्रिल २०२५ मध्ये महारेराने त्यावरही बोट ठेवलं: ही माहिती जाहिरातीच्या वरच्या उजव्या भागात हवी आणि तिची अक्षरं तुमच्या फोन नंबर-पत्त्याच्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. चूक झाली तर ५० हजारांपर्यंत दंड.

माझी सवय सांगतो. छपाईला देण्याआधी प्रूफ कागदावर काढायचं, ऑफिसच्या ट्यूबलाइटखाली धरायचं आणि सगळ्यात जुना फोन ज्याच्याकडे आहे त्याला क्यूआर स्कॅन करायला सांगायचा. स्कॅन झाला नाही तर प्रूफ परत.

क्षेत्रफळ कार्पेटमध्येच, म्हणजे घराच्या आतल्या वापराच्या जागेतच लिहा. ‘सेलेबल’ (जिना-लिफ्टचा वाटा धरून मोजलेलं क्षेत्रफळ) हा शब्द अजून तोंडात बसलेला आहे, पण कागदावर नको. आणि ‘प्रस्तावित’ रस्ता, ‘प्रस्तावित’ उद्यान, कुंभमेळ्यामुळे भाव दुप्पट, असली वाक्यं छापण्याआधी दहादा विचार करा. जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं, तर कलम १२ त्याला भरपाई किंवा पैसे परत मागायचा हक्क देतं. २०२६-२७ चा सिंहस्थ नाशिकला आहे हे खरं. त्याने तुमच्या गल्लीतला दर किती वाढेल, हे तुम्ही गिऱ्हाइकाला लेखी देऊ शकता का?

किंमत जाहिरातीत लिहावी का? सगळे म्हणतात, आधी फोन येऊ दे.

लिहावी. लहान बिल्डरकडे दिवसाला पन्नास फोन उचलायला माणूस नसतो. किंमत लिहिली की ज्याला परवडत नाही तो फोन करत नाही, यात तुमचाच वेळ वाचतो.

किंमत ठरवतानाच जाहिरातीचा विचार करा, विशेषतः ४५ लाखांच्या आसपास. चालू बांधकामातला फ्लॅट कार्पेट ९० चौरस मीटरपर्यंत (साधारण ९६८ चौरस फूट) आणि एकूण किंमत ४५ लाखांपर्यंत असेल, तर नाशिकसारख्या बिगर-महानगर शहरात तो परवडणाऱ्या घरांत मोडतो आणि जीएसटी १ टक्का लागतो. त्यापुढे ५ टक्के. आता हिशेब बघा. ४४ लाख ९० हजारांच्या फ्लॅटवर जीएसटी ४४,९०० रुपये. ४६ लाखांच्या फ्लॅटवर २ लाख ३० हजार. तुम्ही दर वाढवला १ लाख १० हजारांनी, गिऱ्हाइकाच्या खिशातून गेले २ लाख ९५ हजार १०० जास्त. मधले पैसे सरकारला. पार्किंग आणि वरचे चार्जेसही ४५ लाखांत धरावे लागतात, तेव्हा आधी सीएकडून खात्री करून घ्या. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकलेल्या फ्लॅटवर जीएसटी नाही. शेवटचे दोन-तीन फ्लॅट उरले असतील तर बोर्डावर पहिली ओळ तीच टाका.

घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, हेही बऱ्याच जोडप्यांना साइटवरच कळतं. तुमच्याकडून कळलं तर लक्षात राहतं.

चौकात मोठा फ्लेक्स लावू का?

परवानगी असलेल्या होर्डिंगचं भाडं बारा फ्लॅटच्या स्कीमला सहसा पेलत नाही. बिनपरवानगीचा लावू नका. १३ मे २०२४ ला घाटकोपरला होर्डिंग पडून १७ माणसं गेली, त्यानंतर सगळ्याच महापालिका या बाबतीत जाग्या आहेत. विजेच्या खांबाला, झाडाला ठोकलेले बाणाचे बोर्ड १९९५ च्या मालमत्ता विद्रूपीकरण कायद्यात सापडतात, शिवाय गल्लीतल्या लोकांच्या मनातून तुम्ही उतरता ते वेगळं.

तुमच्या हक्काची जागा म्हणजे साइटचं कंपाउंड. तिथला पत्रा स्वच्छ रंगवा, बोर्ड उजेडात येईल असा लावा आणि दर चार-सहा महिन्यांनी बदला, कारण उन्हात फ्लेक्सचा लाल रंग आधी उडतो आणि स्कीम रखडल्यासारखी वाटते. समोरच्या रस्त्यावर सांडलेली खडी रोज संध्याकाळी झाडून घ्या. स्कूटर घसरून पडलेली बाई तुमच्या इमारतीचं नाव वर्षानुवर्षं वेगळ्याच कारणाने सांगत फिरते.

पत्रकं अजून चालतात का?

पेपरमध्ये घालून शहरभर वाटलेली नाही चालत. ठरावीक चार-पाच गल्ल्यांच्या लाइनपुरती चालतात. त्यासाठी पहाटे पेपरचे गठ्ठे उतरतात तिथे स्वतः जा, त्या भागाच्या लाइनवाल्याशी बोला. पत्रक शनिवारी घाला म्हणजे रविवारी घरात चर्चा होते. एका बाजूला फ्लॅटचा नकाशा मापांसकट छापा. लोक तो फ्रिजवर लावून सोफा कुठे बसेल ते बघतात. ‘स्वप्नातलं घर’ हे शब्द मी माझ्या पत्रकांतून कायमचे काढले आहेत.

गूगलवर काय करायचं?

मोफत मिळणारं बिझनेस प्रोफाइल पूर्ण भरायचं. पोर्टलवर किंवा वेबसाइटवर रुपया घालण्याआधी हे. विकायचा फ्लॅट किंवा सॅम्पल फ्लॅट म्हणून नोंद करायला गूगलची परवानगी नाही, विक्री कार्यालयाची नोंद चालते. नाव बोर्डावर आहे तेच द्या. नावात ‘नाशिकमधील बेस्ट टू बीएचके’ वगैरे कोंबलं तर प्रोफाइल निलंबित होऊ शकतं.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट लोक विसरतात: पिन. गेल्या वर्षी एका स्कीमला फोन भरपूर, पण साइटवर माणूस पोचेना. मी स्वतः मॅप लावून मोटारसायकलवर गेलो. मॅपने मला इमारतीच्या मागच्या बाजूला, नाल्याच्या पलीकडे नेऊन सोडलं. इमारत समोर दिसत होती, मध्ये नाला, काठावर कुत्री. पिन पुढच्या गेटवर सरकवायला पाच मिनिटं लागली. आतापर्यंत किती कुटुंबं तिथूनच परत गेली असतील, याचा हिशेब त्या बिल्डरने मला करू दिला नाही.

फोटोत थ्रीडी चित्रं कमी आणि रस्ता, गेट, जिना, गच्चीवरून दिसणारा परिसर जास्त टाका. रिव्ह्यू जुन्या ग्राहकांकडून ताबा देतानाच मागा, तेव्हा माणूस खुशीत असतो. बदल्यात काही देऊ नका. ते गूगलच्या नियमात बसत नाही. वाईट रिव्ह्यू आला तर दोन दिवस थांबा, राग ओसरू द्या, मग दोन-तीन ओळींत मराठीत उत्तर लिहा आणि जे दुरुस्त केलं ते सांगा. वाचणारा तक्रार वाचतोच, पण त्याला बघायचं असतं तुम्ही कसे बोलता ते.

व्हॉट्सॲपवर रोज मेसेज टाकतो, तरी कुणी विचारत नाही.

ब्रॉडकास्ट यादीत २५६ माणसं घेता येतात, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला मेसेज जातच नाही. म्हणजे निम्मी यादी हवेत असू शकते. साइटवर आलेल्या प्रत्येकाला तिथेच, तुमच्यासमोर, नंबर सेव्ह करायला सांगा. सुप्रभातचे मेसेज थांबवा. स्लॅब टाकला त्या दिवशीचा फोटो टाका, तारखेसकट. ज्यांनी बुकिंग केलंय ते तो फोटो आपल्या घरच्या ग्रुपवर पाठवतात, ‘आपला तिसरा मजला झाला’ म्हणून. त्याहून चांगली जाहिरात मला करता येत नाही.

दुसऱ्यांच्या सोसायटीच्या ग्रुपात घुसू नका. नंबरांच्या याद्या विकत घेऊ नका. प्रचाराच्या एसएमएससाठी ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमांप्रमाणे डीएलटी नोंदणी, म्हणजे दूरसंचार कंपनीकडे पाठवणाऱ्याची नोंद, लागते, आणि डीएनडीत (‘जाहिराती नकोत’ यादीत) असलेला माणूस १९०९ वर तक्रार करू शकतो.

फेसबुकवर पैसे घालावेत का?

थोडे. साइटवर पिन टाकून आसपासचे काही किलोमीटर निवडा, मजकूर मराठीत ठेवा, आणि फॉर्म आला की दहा-पंधरा मिनिटांत फोन करा. दुसऱ्या दिवशी केलेल्या फोनला ‘कुठला फॉर्म?’ हेच उत्तर मिळतं. फोन करायला माणूस नसेल तर जाहिरात बंद ठेवा.

एजंटला किती द्यायचं? आणि कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने गिऱ्हाईक आणलं तर?

एजंट एक-दोन टक्के घेतो, ते भागात ठरलेलंच असतं; त्याचा वाद घालण्यापेक्षा वेळेवर द्या. त्याची स्वतःची महारेरा नोंदणी आहे का ते बघा. आता एजंटला प्रशिक्षण घेऊन परीक्षेचं प्रमाणपत्रही लागतं.

इस्त्रीवाला, किराणा दुकानदार, पाळणाघरवाल्या काकू यांना भागात कोण घर शोधतंय हे तुमच्याआधी कळतं. त्यांच्याशी ओळख ठेवा, दिवाळीला घरी जा, मिठाई द्या. पण ‘गिऱ्हाईक आण, टक्के घे’ असा व्यवहार ठरवलात की कायद्याच्या नजरेत तो एजंट होतो, कारण मोबदला घेऊन ओळख करून देणंही त्या व्याख्येत येतं. मग त्यालाही नोंदणी हवी.

पाडवा-दसऱ्याला ऑफर ठेवू का?

साडेतीन मुहूर्तांना बुकिंग होतं, ते ऑफरमुळे कमी आणि मुहूर्तामुळे जास्त. लोक घर आधी बघून ठेवतात आणि पावती त्या दिवशी फाडतात. त्यामुळे दसऱ्याची तयारी पितृपक्षात करा. त्या पंधरवड्यात कुणी टोकन देत नाही, पण बघायला येतात, आणि साइटवर गर्दी नसल्यामुळे निवांत बोलता येतं. सोन्याचं नाणं देण्यापेक्षा गिऱ्हाइकाची दस्त नोंदणी फी भरा. ती जास्तीत जास्त ३० हजार असते आणि गिऱ्हाइकाला तिचा उपयोग कळतो. टोकन घ्या, पण नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही.

क्रेडाई या बिल्डरांच्या संघटनेच्या ‘शेल्टर’सारख्या प्रदर्शनात स्टॉल घ्यावा का?

बारा फ्लॅटसाठी नको. बघायला मात्र जा.

सोसायटीच्या पुनर्विकासाची कामं मिळवायची आहेत. तिथे जाहिरात कशी करायची?

तिथे गिऱ्हाईक म्हणजे वीस-तीस सभासदांची सभा. ४ जुलै २०१९ च्या शासनाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे निर्णयाला एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते, तेव्हा एकट्या अध्यक्षांना खूश करून काही होत नाही. उलट बाकीचे बिथरतात. सगळ्यांना एक दिवस तुमच्या जुन्या इमारतीत घेऊन जा आणि तिथल्या रहिवाशांशी बोलायला सोडा. तुम्ही खाली गेटपाशी थांबा. वर जाऊ नका.

जुन्या ग्राहकांचं काय करायचं?

पहिल्या पावसाळ्यात, जून संपता संपता, स्वतः जा. प्रत्येक फ्लॅटच्या खिडकीखालची आणि टॉयलेटची भिंत हात लावून बघा. ओल असेल तर त्याच आठवड्यात माणूस पाठवा. ताब्यापासून पाच वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी कायद्याने तुमचीच आहे. बोलावल्यावर रडत जाण्यापेक्षा न बोलावता गेलेलं बरं. माझ्या ओळखीचा एक बिल्डर छत्री आणि वही घेऊन जातो. चहा तीन घरी होतो, आणि तिसऱ्या घरी बहुतेक वेळा कुणीतरी विचारतंच, ‘भाऊ, पुढची साइट कुठे? माझ्या मेहुण्याला हवंय.’

सगळे फ्लॅट गेले. आता बोर्ड काढायचा का?

विक्रीचा बोर्ड काढा, गूगलवर तसं लिहा. जिन्यातल्या संगमरवरी पाटीवर मात्र बिल्डर, आर्किटेक्ट, वर्ष आणि एक फोन नंबर राहू द्या. तो नंबर बदलू नका. एका इमारतीत ताब्यानंतर सात वर्षांनी वरच्या मजल्यावरच्या आजींनी पाटीवरून फोन लावला. टाकीचा व्हॉल्व कुठे आहे एवढंच त्यांना विचारायचं होतं. मालकाने स्वतः उचलला आणि सांगितलं.